शाळेसाठी स्थळ

सुरतेत ज्या मराठी माणसाचं लग्न तुमच्या आजोबांच्या या मित्राने जमवलेलं नाही, तो एक तर अजून बिनलग्नाचा आहे, नाहीतर पळून जाऊन लग्न करून बसला आहे. आणि पळून गेलेल्यांच्या घरीसुद्धा नंतर समेट घडवायला बहुतेक वेळा हेच गेलेले आहेत. तुम्ही सुट्टीत इथे आलात की दारातूनच “किती वाढली रे उंची?” असं विचारणारे आणि उत्तर ऐकून बाजारभाव कळल्यासारखी मान हलवणारे आजोबा ते हेच. मी त्यांना भाऊ म्हणते, म्हणून इथेही भाऊच लिहिते. तुमची आई मात्र त्यांच्या हातून सुटली, कारण तिने तिकडे परस्पर जमवलं. त्याचं दुःख भाऊंना अजून आहे. “पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली वहिनी, आणि मला एक स्थळ सुचवू दिलं नाही,” असं ते वर्षातून एकदा तरी म्हणतात. मग तुमच्या बाबांची खुशाली विचारतात, पण जरा कोरडेपणाने.

भाऊ मूळचे धुळ्याकडचे. तरुणपणी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात लागले आणि तिथेच मास्तर होऊन निवृत्त झाले. कापड रंगवता रंगवता त्यांनी लग्नाचं सगळं शास्त्र स्वतःच तयार केलं. “कापड चांगलं असतं वहिनी, रंगही चांगला असतो. पण तो रंग त्या कापडावर बसत नाही. यात कोणाचाच दोष नसतो. धुतल्यावर कळतं, एवढंच.” मोडलेल्या लग्नाबद्दल याहून शहाणं बोलणं मी कोणाकडून ऐकलेलं नाही. पत्रिका त्यांना बघता येत नाही आणि बायोडेटावर त्यांचा विश्वास नाही. कागदावर सगळेच निर्व्यसनी असतात, असं त्यांचं मत. त्यांची पत्रिका म्हणजे दाराबाहेरच्या चपला. एकदा एका मुलाचं घर बघायला ते जिन्यावरून वर गेले आणि बेल न वाजवताच खाली आले. खाली उभ्या असलेल्या मुलीच्या बापाला म्हणाले, “चला घरी. बाप्यांचे बूट कपाटात आहेत आणि बायांच्या चपला उन्हात पडल्यात. आत जायची गरज नाही.”

हा उद्योग ते फक्त उपवर मुलामुलींपुरता ठेवतील तर बरं. पण जगात कुठलीही एकटी गोष्ट दिसली की भाऊंना तिची काळजी लागते. रिकामी खोली दिसली की भाडेकरू, स्कूटर दिसली की गिऱ्हाईक. आमचं जुनं शिसवी कपाट त्यांनी उधन्याच्या एका शिंप्याकडे लावून दिलं आणि नंतर दोनदा ते तिथे सुखात आहे ना, हे बघून आले. तुमच्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भाऊ रोज भेटीच्या वेळात यायचे. मोठे डॉक्टर तपासायला आले की आजोबांनी तोंड उघडायच्या आत भाऊ विचारायचे, “साहेब, तुमचं गाव कोणतं?” आजोबा घरी आले त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या धाकट्या भावाचा साखरपुडा झाला. आजोबा बरेच दिवस सांगत असत, “माझ्या हृदयाचं नक्की काय झालं ते मला कोणी सांगितलंच नाही. पण त्या मुलाचं चांगलं जमलं.”

भाऊंच्या सौभाग्यवती म्हणजे माई. त्या भाऊंकडे बघत बघत, पण आपल्याशी बोलत त्यांची थट्टा करतात. “आमच्या मोठ्याच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत यांचा पत्ता नव्हता. का, तर मांडवात मागे कोणीतरी उंच मुलगा दिसला होता.” भाऊ त्यावर म्हणतात, “पण जमलं ना त्याचं?” आणि माई म्हणतात, “जमलं. आपल्याच आहेरातून त्याच्या नवरीला साडी द्यावी लागली.”

आता शाळेचं सांगते. पांडेसऱ्यात आपल्या मराठी मंडळाची एक प्राथमिक शाळा आहे, तुम्ही ती बाहेरून पाहिली आहे. निळं फाटक आणि समोर चहाची लारी. तिथे येणारी मुलं मिलमध्ये, लूमवर आणि बांधकामावर काम करणाऱ्यांची. आईबाप बारा बारा तासांच्या पाळीवर, एक जण येतो तेव्हा दुसरा निघालेला असतो. भाऊ मंडळाचे प्रमुख, आणि तेही बिनविरोध, कारण समितीतल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी लग्न भाऊंचं होतं. मला इंग्रजी येतं म्हणून मला समितीवर घेतलेलं. भाऊ रोज सकाळी शाळेत जात आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीला लावलेल्या एका लांब बाकावर बसत. तिथूनच ते बाईंना रजा, मुलांना लिमलेटच्या गोळ्या आणि पालकांना सल्ले देत. लहान वर्गात कोण कोणाशेजारी बसणार हेसुद्धा तेच ठरवत. “हा मारकुटा आहे, याच्याजवळ ती हसरी बसवा. दोन मारकुटे एकत्र म्हणजे संसार होणार नाही.” गंमत म्हणजे ते बसवत तिथे मुलं खरोखर शांत बसत.

गेल्या दिवाळीनंतर जुने मुख्याध्यापक निवृत्त होऊन गावी गेले. पाठोपाठ वरून कळवण्यात आलं की नवं वर्ष सुरू व्हायच्या आत कायमचा मुख्याध्यापक नेमा आणि पहिलीचा वर्ग भरून दाखवा. नाही जमलं तर ही शाळा हायवेपलीकडच्या शाळेत मिसळून टाकू. कागदावर हे अगदी सरळ दिसतं. पण त्या रस्त्यावर कापडाचे ताके भरलेले टेम्पो रात्रंदिवस धावत असतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला पलीकडे पोचवायला घरात मोकळं कोणी नसतं. म्हणजे आमची शाळा बंद झाली असती, तर बरीच मुलं दुसऱ्या शाळेत गेली नसती. ती घरीच बसली असती.

मी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, आलेले अर्ज लावून ठेवले आणि एक तक्ता केला: शिक्षण, अनुभव, कारभाराची माहिती, भाषा, मुलाखत. भाऊंनी तो तक्ता दोन्ही हातांनी धरून आदराने पाहिला आणि घडी करून मला परत दिला. “छान आहे वहिनी. पण ही नोकरी नाही. शाळेला स्थळ बघायचंय. घर बघावं लागेल.”

पहिले उमेदवार दोन पदव्या घेतलेले, रुबाबदार. माझ्याशी ते उत्तम इंग्रजीत बोलले आणि माझ्या तक्त्यात वर जाऊन बसले. भाऊंनी त्यांना लारीवर लोचो खायला नेलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला. “काय झालं भाऊ?” मी विचारलं. “त्यांनी विचारलं, प्रिन्सिपलची गाडी सावलीत उभी राहील का. नवरदेवाने मुलगी बघायच्या आधी गाडीचं विचारलं की मी उठतो.” दुसरे गृहस्थ स्वभावाने गरीब. त्यांच्या घरच्या चपला भाऊंना अतिशय आवडल्या. पण कुठलाही प्रश्न विचारला की ते आत जाऊन बायकोला विचारून येत. बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाले, “बाईच हुशार आहे. पण तिने अर्ज केलेला नाही.”

तिसरा अर्ज उधन्यातल्या एका शिक्षिकेचा होता. वय चौतीस, दुसऱ्या एका शाळेत चौथीला शिकवणारी, कारभाराचा अनुभव नाही. म्हणून माझ्या तक्त्यात तिसरी. भाऊ म्हणाले, बाईमाणूस बघायला जायचं तर सोबत दोन बाया पाहिजेत. म्हणून एका रविवारी सकाळी ते, माई आणि मी असे तिघं न कळवताच तिच्या घरी गेलो. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि माईंनी नेसली होती जरीकाठाची साडी, कारण घराबाहेर जाताना त्या तीच नेसतात. आता तुम्हीच विचार करा. उधन्याच्या गल्लीत, जिथे पोरासोरांनाही भाऊंचा धंदा ठाऊक, तिथे भाऊ नटूनथटून, बायकोला आणि आणखी एका प्रतिष्ठित दिसणाऱ्या बाईला घेऊन, चौतीस वर्षांच्या अविवाहित मुलीच्या दारात उभे राहिले. आम्ही चपला काढेपर्यंत शेजारच्या दोन ओट्यांवर बातमी पोचली होती.

मुलीचे वडील बनियनवर पेपर वाचत होते, ते शर्ट शोधायला आत पळाले. आईने आम्हाला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी एकदाचं कोणीतरी दार वाजवलं होतं. घरात एक आत्याही होती. ती माईंना थेट म्हणाली, “कालच स्वप्नात हत्ती आला होता.” स्वयंपाकघरात कढई वाजली. आतून दबक्या आवाजात “अगं ती पिवळी साडी नेस,” “मी पेपर तपासतेय आई,” “अगं निदान केस तरी” असं ऐकू यायला लागलं, तेव्हा मला सगळा प्रकार कळला. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी खुलासा करायला हवा होता. पण समोर वडील, हातात पोह्यांची बशी आणि आत मुलगी, असा देखावा दिसल्यावर भाऊंचं चाळीस वर्षांचं इंजिन आपोआप सुरू झालं.

“गाव कोणतं?”

“शिरपूरकडचे आम्ही.”

“मामा?”

“अमळनेरचे.”

“अमळनेरात कुठे?”

मी खोकले. भाऊंनी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि अमळनेरच्या पुढे गेले. शाळा हा शब्द ते साफ विसरले होते. स्वतःच दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले, लिंबू पिळलं, आणि “मुलीला बोलवा” असं म्हणणार, इतक्यात मुलगीच आली. घरातला साधा सुती ड्रेस, बोटांना लाल शाई, हातात पेन. ती उभ्यानेच म्हणाली, “नमस्कार. पोहे आईने केलेत, मला येत नाहीत. माझं वय चौतीस. मला लग्न करायचं नाही, हे मी घरात दरवर्षी सांगते. उंची तुम्हाला दिसतेच आहे. आणखी काही विचारायचंय?”

“लग्न?” भाऊ चमच्यासकट थांबले. “कोणाचं लग्न?”

“भाऊ,” मी म्हणाले, “शाळा.”

“हां! शाळा!” बशी खाली ठेवून भाऊ उभेच राहिले. “पोरी, तुला नवरा द्यायला नाही आलो मी. शाळा द्यायला आलोय.”

मग आत्या म्हणाली, “शाळेसाठी एवढे शेंगदाणे घातले?” आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटकन बसली. तिचं वाईट वाटलं मला. माई उठून तिच्याशेजारी खालीच बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “अहो, रडता काय. घरबसल्या एकदम एवढी लेकरं मिळतायत. तीही न्हाऊन-माखून दप्तर घेऊन येणारी.”

त्या मुलीने मात्र पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची ओढून बसली. “पहिलीत किती मुलं आहेत?” तिने विचारलं.

तीन पिढ्यांचे मामा पाठ असलेले भाऊ छताकडे बघायला लागले. “फार नाहीत.”

“फार नाहीत म्हणजे?”

“म्हणजे पुढच्या वर्षासाठी अजून नाहीतच म्हण.”

“का नाहीत?”

“लोकांना वाटतं शाळा बंद होणार.”

“होणार आहे का?”

“तू नाही म्हणालीस तर होईल,” भाऊ म्हणाले.

“मी आधी शाळा बघते,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने शाळा बघितली. मुलीचा बाप जसं मुलाचं घर बघतो, तशी. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं, संडासांच्या कड्या लावून पाहिल्या, पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसून फळा वाचला. शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीत आली आणि भिंतीजवळच्या बाकाकडे बोट करून म्हणाली, “हा कोणाचा?”

“प्रमुखसाहेबांचा,” पाचवीच्या बाईंनी सांगितलं. “ते रोज बसतात.”

“रोज?”

“सुट्टी सोडून.”

ती भाऊंकडे वळली. “काका, माझी एकच अट आहे. हा बाक इथून हलवायचा. या खोलीत पालक आले पाहिजेत. मोठा माणूस बसलेला दिसला की पालक दारातूनच नमस्कार करून जातात, मनातलं सांगत नाहीत.”

मला वाटलं, झालं, आता शाळा गेली. त्या बाकाशिवाय भाऊंच्या सकाळी मी पाहिलेल्या नव्हत्या. भाऊ बाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे. लेकीच्या संसारात बापाने रोज उठून जाऊन बसू नये.” आणि एका बाजूने त्यांनी स्वतःच बाक उचलला. दुसरी बाजू तिने धरली.

समितीत थोडी कुरकुर झाली. दोघातिघांना तो गाडीवाला गृहस्थ हवा होता, कारण तो भाषण चांगलं करेल. भाऊ प्रत्येकाच्या घरी गेले. तिथे काय बोलले ते मला माहीत नाही, पण आपला संसार ज्याने जमवला त्याला कोण नाही म्हणणार? मला ते एवढंच म्हणाले, “त्याने विचारलं गाडी कुठे. हिने विचारलं पोरं का नाहीत.” होळी झाल्यावर ती रुजू झाली. गुजरातेत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात, पण आमच्या वस्तीत त्या आठ दिवसांत मोठ्या बाई झाल्या.

दिलेला शब्द भाऊ इतका पाळतील असं मात्र मला वाटलं नव्हतं. ते शाळेत जायचेच बंद झाले. सकाळ झाली की पाय तिकडे वळायचे, म्हणून ते समोरच्या चहाच्या लारीवर बसू लागले, तेही शाळेकडे पाठ करून. लारीवाल्याला विचारत, “मागे काय चाललंय?” तो दूध ढवळता ढवळता सांगायचा, “प्रार्थना चालू छे, भाऊ.” “आता?” “आता बेन बाहर आव्या.” एवढी बातमी घेऊन ते घरी जात. फक्त समितीच्या बैठकीला तेवढे आत येत आणि तेव्हाही दाराजवळच्या खुर्चीवर, पाहुण्यासारखे.

आणि इथेच घोटाळा झाला. सुरतेचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. चैत्रातल्या बैठकीत मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना पाणी दिलं. भाऊंनी पेल्यावर तळहात ठेवला. “नको, आत्ताच पिऊन आलो.” चहा आला, तोही नको. पुढच्या बैठकीतही तेच. त्यानंतरच्या बैठकीत मधेच उठून ते व्हरांड्यात गेले आणि पिशवीतून आणलेल्या स्वतःच्या बाटलीतून पाणी प्यायले. मोठ्या बाईंनी ते खिडकीतून पाहिलं.

त्या संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“काकू, जूनच्या आत दुसरं कोणी बघा.”

“अहो, असं काय झालं?”

“ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत.” आवाज अगदी शांत होता. “लग्नं जमवणाऱ्या माणसाला समोरचा दिसला की पहिली कुठली गोष्ट कळते, ते मला माहीत आहे. माझी आजी लोकांच्या दारात ओंजळीने पाणी प्यायलीय. मला हे कोणी समजावून सांगायला नको.”

“पण तुमच्याकडे तर त्यांनी दोनदा पोहे...”

“तेव्हा त्यांना काम होतं.”

मी तशीच पायात चपला अडकवून भाऊंकडे गेले. भाऊ झोपाळ्यावर होते, माई शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. भाऊंनी पाय टेकून झोपाळा थांबवला. हातातलं शेंगेचं टरफल त्यांनी किती वेळ धरून ठेवलं होतं. बोलल्या त्या माईच. “अहो, लेकीच्या घरचं पाणी कसं पितील ते? नातवंड झाल्याशिवाय बाप मुलीच्या घरी पाणी पीत नाही, असं आमच्याकडे आहे. आमच्या नंदुरबारच्या मुलीकडेही हे असेच जायचे, बाटली घेऊन. ती पोरगी रडायची. नातू झाला तेव्हा तिथे उभ्या उभ्या एक कळशी संपवली यांनी.” मग भाऊंकडे बघून, “आता जा, एक पेला पाणी प्या आणि मिटवा.”

“कसं पिऊ?” भाऊ म्हणाले. “प्यायलो तर ती परकी होते. नाही प्यायलो तर मी परका झालो.”

“मग तिला हे सांगा तरी,” मी म्हणाले.

“हे काय सांगायचं असतं वहिनी? बाप कुठे सांगतो?”

“नाही सांगितलं तर ही जाईल,” मी म्हणाले, “आणि शाळाही जाईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात शिरून बोलणारा माणूस त्या खोलीच्या दारात उभा राहून चौकटीचा रंग खरवडत होता. मोठ्या बाई टेबलामागे ताठ बसलेल्या. शेवटी भाऊ माझ्याकडे वळले आणि त्यांच्या ठेवणीतल्या, घरातल्या अहिराणीत म्हणाले, “वहिनी, तिले सांगा. मनी अंडेर शे ती.” म्हणजे, माझी लेक आहे ती. मोठ्या बाई शिरपूरकडच्या. त्यांना माझ्या भाषांतराची गरज नव्हती. पुढचं माईंच्या शब्दांत मी सांगितलं, बाटलीसकट, नंदुरबारसकट.

त्या बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या. “हे मला आधी सांगायचं नाही का काका?” त्या म्हणाल्या. “मी रात्रभर झोपले नाही.”

“चुकलं,” भाऊ म्हणाले. “पण तरी पाणी नको.”

तेव्हा त्या हसल्या. डोळे पुसत हसल्या, पण हसल्या. “बसा तरी,” म्हणाल्या. भाऊ नाही बसले.

मग सबंध मे महिना त्या वस्तीत हिंडल्या. पाळी सुटायच्या वेळी मिलच्या फाटकाशी उभ्या राहिल्या, बायका पापड लाटत होत्या तिथे पोळपाट घेऊन बसल्या. त्यांनी लाटलेले पापड कोणाला तळावेसे वाटले नाहीत म्हणे, पण पोरांची नावं मिळाली. “शाळा बंद होणार ना?” असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, “तुमचं पोर आलं तर कशी होईल?” मी एकदोनदा बरोबर गेले आणि उन्हाने आडवी झाले. भाऊ लारीवरून रोज विचारत, “आज किती?” आणि लारीवाला सांगत असे, “आज चार आव्या, भाऊ.”

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी पहिलीच्या वर्गात बाक पुरेनात. भिंतीकडेला सतरंजी टाकून मुलं मांडीला मांडी लावून बसली होती. काही रडत होती, काही रडणाऱ्यांकडे बघत होती. शाळा राहिली होती. मोठ्या बाईंनी रस्ता ओलांडून स्वतः जाऊन भाऊंना बोलावून आणलं. ते वर्गाच्या दारात उभे राहिले आणि एकेका डोक्यावरून नजर फिरवत गेले. “ही सगळी आपली?” त्यांनी विचारलं.

“आपलीच,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता, काठोकाठ भरलेला. “काका, नातवंडं झाली. आता घ्या.”

भाऊंनी पेला दोन्ही हातांनी घेतला. मुलं रडायची थांबून बघू लागली. एवढा मोठा माणूस पाणी पितो यात बघण्यासारखं काय, ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळत होतं. भाऊंनी एका दमात पेला संपवला. दुसरा मागितला, तोही संपवला. मग पुढे होऊन सतरंजीवरच्या एका रडक्या मुलाला उचलून एका हसऱ्या मुलीशेजारी ठेवलं, आणि म्हणाले, “येतो बाई.”

“अहो, बसा ना काका. चहा टाकलाय.”

“नको. लेकीकडे पाणी प्यावं, पण मुक्काम करू नये. तिला तिची कामं असतात.”

त्यानंतर ते बोलावलं तरच जातात, आणि गेले की लवकर उठतात. मोठ्या बाई मला तक्रार करतात की काका टेकतच नाहीत. मी त्यांना काही सांगत नाही. मी तुमच्याकडे येते तेव्हा काही आठवडे झाले की हळूच बॅग पलंगाखालून बाहेर काढते, आणि तुमची आई रागावते की तुला आमच्याकडे करमतच नाही. तिला हे वाचून दाखवा. करमतं, म्हणावं.